मनगट धरणारी

आईच्या अंगावर तीन वर्षं रोज पित्ताच्या गांधी उठायच्या. आम्ही वांगी सोडली, तुरीचं वरण सोडलं, गेरू चोळला, तरी उठतच. बांगडी घासली की मनगट सुजायचं, म्हणून तिचे हात रिकामे. घरातला पहिला पदवीधर मी, पण मलाही ते खाण्याचंच वाटे.

ताईच्या साखरपुड्याआधी अकोल्याच्या जुन्या शहरात बांगड्या भरायला गेलो. वांगी सोडूनही गांधी उठतात, असं आईनं सांगितलं, तशी बांगडीवालीनं तिचं मनगट हळूच उलटंपालटं केलं आणि कोपरापर्यंत बांगड्यांनी भरलेला स्वतःचा हात पुढे धरला.

"मले बी होतं, बाई. डाक्टर म्हणे, आंगातला राखणदारच भरमला. घरच्यालेच चोर समजून मारून राहिला. वांग्याले कावून सजा देता?"

"मंग तुमी काय केलं?" आईनं विचारलं.

"डाक्टरची गोळी. खाज सुटली तवाच नाई, रोज!"

रोगप्रतिकारशक्ती मी परीक्षेसाठी पाठ केली होती; समजली त्या दुकानात. दुसऱ्याच दिवशी आईला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनीही तेच सांगितलं आणि रोजची गोळी सुरू केली.

तीन महिन्यांनी ताईच्या लग्नात आईनं दोन्ही हातांत डझनभर हिरव्या बांगड्या घातल्या, पंगतीत वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली, आणि अंगावर एकही गांध उठली नाही.