सातव्या घरातला पायजमा

निंबाला ढोल वाजवता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला कलावंत समजाल. तो अमळनेरात मिक्सर दुरुस्त करतो. त्याचे वडील तोतारामआबा मात्र आमच्या बँडात तीस वर्षं ढोल वाजवत होते. पोराच्या गळ्यात त्यांनी एकदाच ढोल अडकवला आणि लगेच काढूनही घेतला. "तुना हात फ्यूज बदलाना शे," म्हणाले. मी त्याच बँडात ऑर्गन वाजवतो, म्हणून हे सगळं माझ्यासमोर झालं.

गेल्या वर्षी आबा गेले. बँडच्या गाडीजवळची त्यांची जागा आपल्याच घराण्यात राहावी, असा निंबाने हट्ट धरला आणि कुठूनसं ढोलाचे ठोके वाजवणारं, सोळा बटणांचं जुनं यंत्र आणलं. एकेक बटण म्हणजे एकेक घर. घरात ढोलाचा ठोका ठेवायचा, तो किती जोरात पडावा ते एकपासून एकशेसत्तावीसपर्यंतच्या आकड्यात सांगायचं, आणि वाटलंच तर तो जरा उशिरा पाडायचा. सोळा घरं संपली की पुढची फेरी. निंबाने सगळ्या घरांत एकशेसत्तावीस भरले. जोर कमी ठेवणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं, असं त्याचं मत. उशीर तर कुठेच नाही. ते ऐकून माझी दाढ दुखायला लागली.

"एक वरात बघू," बँडचे मालक जितेंद्रभाऊ म्हणाले. "नाही जमलं तर उद्यापासून धुळ्याचा ढोलवाला."

ती वरात जवळच्याच एका गावातली, भर दुपारची; त्या गावाच्या वरातींत तीस वर्षं आबांचाच ढोल वाजलेला. तिथे नवरदेवाची फुई, म्हणजे आत्या, पहिला फेर नाचल्याशिवाय वरात पारापासून हलत नाही. नवरदेव हितेंद्र. फुई धुरपदाबाई, वय सत्तरीच्या पुढे, नाचण्यात गावाला ऐकत नसे. यंत्र सुरू झालं. पोरं नाचली, पोलीसपाटील नाचले, फोटोग्राफर कॅमेरा सांभाळत नाचला, घोडीसुद्धा नाचली. फुई हाताची घडी घालून उभी.

हितेंद्र घोडीवरून उतरून पाया पडला. मुलीकडचे फोनवर फोन करत होते. फुई ढिम्म.

"कोनीच वाजाडत नही रे," ती म्हणाली. "मी कोनासंगे नाचू?"

जितेंद्रभाऊंनी तिथल्या तिथे धुळ्याला फोन लावला. निंबाचा चेहरा बघवत नव्हता. खरं सांगतो, सकाळपर्यंत मीच त्या यंत्राला शिव्या देत होतो, पण त्या क्षणी मला त्याची फार दया आली.

तो गाडीच्या पायरीवर बसला, डोळे मिटले आणि स्वतःच्या मांडीवर आबांसारखे हात मारायला लागला. मला म्हणाला, "भाऊ, लिहून घ्या." मी लग्नपत्रिकेच्या पाठीमागे लिहू लागलो.

"घर एक, एकशेवीस. घर चार, अठ्ठ्याऐंशी. आबांचं डावं बोट आखडलेलं होतं. घर बारा, एकसष्ट."

"तिथे का रे?"

"तिथे ते तंबाखू गालात फिरवायचे."

मग तो थांबला. डोळे मिटलेलेच. त्याचा उजवा हात मांडीवरून उठून कमरेशी गेला आणि त्याने जीन्स वर ओढली. मी अकरा वर्षं आबांच्या शेजारी उभा राहिलेला माणूस, मला लगेच समजलं. ढोलाच्या वजनाने आबांचा पायजमा घसरायचा. दर चौथ्या फेरीला ते एका हाताने तो वर ओढायचे आणि तो ठोका उशिरा पडायचा.

"चौथी फेरी, घर सात," निंबा म्हणाला. "पायजमा वर ओढायला लागेल तेवढा उशीर."

किती, ते ठरवायला आम्ही दोघांनी गाडीमागे आपापली पँट सात वेळा वर ओढून बघितली. वऱ्हाडी बघत होते. बघू देत.

यंत्र पुन्हा सुरू झालं. पहिली फेरी, दुसरी. धुरपदाबाईच्या हाताची घडी सुटली. तिसऱ्या फेरीला तिने पदर खोचला आणि ती मैदानात उतरली. नाचता नाचता चौथ्या फेरीचं सातवं घर आलं, ठोका अडखळला, आणि त्याच क्षणी फुईने लाजून मान दुसरीकडे फिरवली. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. तीस वर्षं ती त्याच ठोक्याला तशीच मान फिरवत आली होती.

"नाडा बांध ना रे, तोताराम!" ती गाडीकडे पाठ करूनच ओरडली.

सगळं गाव हसलं. वरात पारापासून हलली. जितेंद्रभाऊंनी धुळ्याच्या ढोलवाल्याला नको म्हणून कळवलं आणि निंबाच्या कानाशी येऊन सांगितलं, "जमलं गड्या. फक्त तो एक ठोका लंगडतो, तेवढा सरळ कर."

निंबा यंत्रावर वाकलेला होता. बटणांवर टपटप पाणी पडत होतं.

"राहू द्या भाऊ," तो म्हणाला. "आबा पायजमा वर ओढताहेत."