गाव कोणतं आपलं?

माझ्या वडिलांचा प्रश्न आमच्या कॉलनीच्या गेटवर बोर्ड होऊन लागलाय.

"भाडेकरूला मूळ गाव विचारा. सतर्क राहा."

अण्णांना जाऊन आज वर्ष झालं. सकाळी मी श्राद्धासाठी फुलं आणायला बाहेर पडले, तर हा बोर्ड.

अण्णांना ओळखणाऱ्यांना हसू येईल. समोर माणूस दिसला की त्यांना आधी गाव विचारायचं असायचं. नाशिक रोड स्टेशनवर, रेशनच्या रांगेत, दवाखान्यात तोंडात थर्मामीटर असतानासुद्धा.

"गाव कोणतं आपलं?"

समोरचा सिन्नर म्हणाला की लगेच, सिन्नरचे का, मग तिथले अमुक मास्तर तुमचे कोण? दोन-चार वाक्यांत नातं निघायचंच. नाही निघालं तर चहा तरी व्हायचा.

गाव विचारून जात काढणारेही असतात, ठाऊक आहे मला. अण्णांना नातं काढायचं असायचं.

आई म्हणायची, यमदूत न्यायला आला तरी हे आधी त्याचं गाव विचारतील.

सरकारी प्रेसमधून रिटायर झाल्यावर दोघं ऑस्ट्रेलियात माझ्याकडे राहायला आले. अण्णांचं इंग्रजी कामापुरतं. प्रश्न मात्र तोच, "व्हॉट इज युवर नेटिव्ह?"

तिकडे नेटिव्ह म्हणजे त्या मातीतली मूळ माणसं, ज्यांची जमीन गेली. हे अण्णांना कोण सांगणार?

शेजारच्या गोऱ्या आजोबांना, ग्रॅहमना, त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ग्रॅहम मात्र खूप हसले. म्हणाले, मी कुठला नेटिव्ह, माझे आजोबा स्कॉटलंडहून बोटीनं आले.

अण्णा आत येऊन खुशीत म्हणाले, "अगं, हेसुद्धा बाहेरगावचेच आहेत."

मग ते रोज संध्याकाळी घरासमोर खुर्ची टाकून बसायला लागले, नाशिक रोडला बसायचे तसेच. व्हिएतनामची शिवणकाम करणारी बाई, लेबनॉनचा बेकरीवाला, सगळ्यांची गावं त्यांना पाठ. मला वाटायचं, मल्टिकल्चरल मल्टिकल्चरल म्हणतात ते हेच असावं.

मग हवा बदलली.

आधी लक्षातही आलं नाही. बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी राहायला लागली. गल्लीतल्या खिडक्यांत झेंडे आले. झेंड्यात वाईट काय? काहीच नाही. पण झेंडा लावलेल्या घरातली बाई मला बघून हात करायची थांबली.

एका रविवारी शहरात मोर्चा निघाला. आमच्यासारखे फार झालेत म्हणून.

सोमवारी ऑफिसात त्यावर कोणी चकार शब्द काढला नाही. मला मोर्च्यापेक्षा त्याची भीती वाटली.

एका संध्याकाळी एका माणसानं गाडी थांबवून अण्णांना विचारलं, "व्हेअर आर यू फ्रॉम?"

अण्णा इतके खूश झाले! तिकडे त्यांचा प्रश्न पहिल्यांदाच कोणी त्यांना विचारला होता. "नाशिक," म्हणाले. "अँड यू?"

मी दारातून बघत होते. तो हसला नाही. त्यानं घराकडे पाहिलं, मग घराच्या नंबराकडे पाहिलं.

"हिअर," म्हणाला. "गो बॅक."

दुसऱ्या दिवशी ती गाडी पुन्हा आली. थांबली नाही, नुसती सावकाश घरासमोरून गेली. तिसऱ्या दिवशीही.

ग्रॅहम कुंपणापाशी आले. माणूस चांगला, खोटं कशाला बोलू. हळूच म्हणाले, काही दिवस वडिलांना बाहेर बसू देऊ नकोस.

अण्णांनी खुर्ची आत घेतली. टीव्ही बघत बसायचे. कोणाला काही विचारायचे नाहीत. मग एक दिवस म्हणाले, मला घरी ने.

मी दोघांना नाशिक रोडला सोडायला आले. पहिल्याच संध्याकाळी अण्णांची खुर्ची गेटपाशी. हुश्श झालं मला.

समोरच्या बिल्डिंगमध्ये एक मणिपूरचं जोडपं भाड्यानं राहत होतं. ती पार्लरमध्ये कामाला, तो हॉटेलात. कॉलनीतले काही जण अण्णांकडे आले. सगळे ओळखीचे, गणपतीत आमच्याकडे आरतीला येणारे. म्हणाले, चला अण्णा, ते कुठले आहेत जरा विचारून येऊ, चायनीज दिसतात. गाव विचारण्यात तुमचा हातखंडा.

अण्णा उठले नाहीत. ते लोक त्यांच्याशिवायच समोर गेले.

समोरच्या जिन्यातून आवाज आला. "कहां के हो तुम लोग?"

मग पुन्हा, जोरात.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा उतरला होता.

"आवाज ओळखलास? तो गाडीवाला."

मी म्हटलं, "अण्णा, ही आपली माणसं आहेत."

"तेच म्हणतोय."

त्यांनी खुर्ची उचलली आणि आत नेली. थोड्याच दिवसांत ते गेले, झोपेतच. डॉक्टर हार्ट म्हणाले. मी वेगळं काही म्हणत नाही.

ते जोडपं त्याआधीच खोली सोडून गेलं होतं. कुठे गेले, असं मी आईला विचारलं. ती म्हणाली, कोणी विचारलंच नाही.

आज त्या बोर्डाशेजारीच अण्णांचा फ्लेक्स लागलाय. प्रथम पुण्यस्मरण. "सर्वांना आपलंसं करणारे." खाली त्याच लोकांचे हात जोडलेले फोटो. त्यांची श्रद्धा खरी आहे. मला त्याचीच जास्त धास्ती वाटते.

पुढच्या आठवड्यात मी परत निघतेय. काल तिकडून लेकीचा फोन होता. वर्गात कोणीतरी तिला विचारलं, तू खरी कुठली? ती तिथेच जन्मली. मला विचारते, आई, काय सांगू?



अण्णा, निघताना "जाते" म्हणायचं नाही, "येते" म्हणायचं, हे तुम्हीच शिकवलंत.

येते, अण्णा.

कुठे, ते मात्र विचारू नका.