गोबीच्या तीन ओळी आणि नऊ मीटरचा रस्ता

काही प्रकरणं फाईल बंद झाली की डोक्यातूनही जातात. हे मात्र गेलं नाही. आजही कोणी विचारलं तर मी चहा ठेवायला सांगते आणि पहिल्यापासून सुरू करते.

मी तेव्हा अकोल्याच्या कडेला असलेल्या एका ठाण्याची प्रभारी होते. कोणाचंच नाव घेणार नाही, घ्यायची गरजही नाही. दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळची हजेरी आटोपली, गस्तीचा अहवाल वाचून झाला, तेवढ्यात साठीतलं एक जोडपं दारात येऊन उभं राहिलं. फुलं आणि भाजी लावणारे माळी. बाईंनी बसायच्या आधीच सांगितलं, "मॅडम, आमच्या वावरातल्या गोबीच्या तीन ओळी गेल्या."

आमचे हवालदार माणूस सोन्यासारखे, पण जिभेला हाड नाही. म्हणाले, "जनावरानं खाल्ल्या असतीन, काकू."

"खाल्ल्या असत्या त बुडखे राहिले असते. लावालेच जागा नाही राहिली. दरसाल एकवीस बसतात, यंदा अठरा बसल्या. वावर काय धुतल्यानं आटते?"

मला हसू आलं. नवरा मात्र हसला नाही. तो म्हणाला, "म्हणून म्या धुऱ्याच्या दगडापासून दोरी लावली. आमचा बोअर दोरीच्या तिकडं गेला."

धुरा म्हणजे शेताची हद्द. आणि तो बोअर म्हणजे त्यांचं सगळं पाणी. तो गेला की वावर विकण्याशिवाय रस्ता नव्हता, आणि विकत घ्यायला शेजारी तयारच होता. हा शेजारी म्हणजे एक शेठ, ते आपल्या जमिनीवर प्लॉटांचं ले-आऊट पाडत होते. मंजुरीचा प्रस्ताव आठवड्याभरात नगररचना कार्यालयात दाखल होणार होता.

हवालदार माझ्या कानाशी आले. "दिवाणी मामला आहे, तहसीलात पाठवून द्या."

खरं सांगते, असं मीही पूर्वी पुष्कळांना पाठवलं होतं. पण बाईंनी 'एकवीस' असं म्हटलं होतं, जसं आपली लेकरं किती ते सांगावं. हद्दीची खूण हलवणं हा गुन्हा आहे. मी अदखलपात्र नोंद घेतली, तपासासाठी न्यायालयाची परवानगी मागितली, आणि ती मिळताच टेप घेऊन वावरात गेले. गोबीच्या दोन ओळींत दीड फुटाहून थोडं जास्त अंतर होतं. तीन ओळी म्हणजे पाच फूट. वहीत लिहून घेतलं.

दगडाला ताजा चुना होता, आजूबाजूचं गवत साफ. त्या भागातले बाकीचे दगड केव्हाच नांगराखाली गेलेले. मोजणारे या एकाच दगडावरून हद्द धरत. शेठ गाडीतून उतरले, मोठ्या अदबीनं बोलले. "मॅडम, आमच्या आजोबापासून हा दगड इथंच आहे. गवत लय माजलं होतं, माणुसकी म्हणून काढून दिलं."

बाई म्हणाल्या, "आमी दोघं दसऱ्याचा झेंडू घेऊन दोन दिवस बाजारात बसलो होतो. नेमकी तवाच सुचली याले माणुसकी."

आता नकाशा पाहणं आलं, आणि मला नकाशा वाचता येत नव्हता. मी दहावी शिकलेली, शिपाई म्हणून भरती झालेली. मग ज्यानं प्रस्ताव तयार केला होता त्या इंजिनिअरकडेच तीन दुपारी जाऊन बसले. स्केल काय, उत्तरेचा बाण कशाला, खुली जागा कुठं सोडायची, सगळं विचारलं. तो मला मॅडम म्हणायचा, मी त्याला गुरुजी. तिसऱ्या दुपारी त्याच्या गुंडाळ्यांत त्याच जागेचा आणखी एक नकाशा दिसला.

"हा कावून वेगळा, गुरुजी?"

"तो आधीचा. ले-आऊटमध्ये जायचा पोचरस्ता साडेसात मीटरच भरत होता. नऊ पाहिजे, नाहीतर प्रस्ताव परत येतो. एका बाजूनं पक्की भिंत, दुसऱ्या बाजूनं वावर, वाढवणार कुठं? दसऱ्यानंतर शेठ म्हणाले, पुन्हा मोजा. मोजलं तर नऊ भरले. मला वाटलं, पहिल्यांदा माझंच चुकलं."

साडेसात आणि नऊ. दीड मीटर. म्हणजे पाच फूट. मी वही उघडून त्याच्यासमोर ठेवली. दोन्ही नकाशे त्यानं स्वतःहून हजर केले.

शेठचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, मात्र दोन दिवस एकच वाक्य बोलत होता: "मले काई मालूम नाई." तिसऱ्या दिवशी पंचांसमक्ष आम्ही दगड काढला. खाली नारळाच्या दोन करवंट्या, शेंडीसकट, आणि कुंकवात भिजवलेले तांदूळ. आजोबांच्या काळातल्या दगडाखाली तांदूळ कुजलेसुद्धा नव्हते.

सालदाराला बोलावलं, चहा दिला. म्हटलं, "दगड कोणी हलवला ते मी विचारतच नाही. नारळ कोणी फोडला, तेवढं सांग."

त्यानं कप खाली ठेवला. "म्या फोडला. शेठनं फक्त सरकव म्हटलं होतं. पण धुऱ्याचा दगड हाय, मॅडम. हात जोडल्याबिगर कसा बसवू? नारळ माह्या खिशातून आणला."

लिहून घेणाऱ्या हवालदारांचा पेन थांबला. पुढं हाच जबाब त्यानं दंडाधिकाऱ्यांसमोर दिला, एक शब्द न फिरवता.

शेठवर दोषारोपपत्र गेलं. सरकारी मोजणी होऊन दगड जागेवर आला. प्रस्ताव मागं घ्यावा लागला आणि गुरुजींनी नवा नकाशा काढला. पोचरस्ता शेठच्याच मागच्या पट्ट्यातून, चार प्लॉटांवर पाणी सोडून. आधीच असं केलं असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं.

कोर्टात समोरच्या वकीलसाहेबांनी विचारलं, "मॅडम, शिक्षण किती?" म्हटलं, दहावी. "आणि नकाशावर साक्ष देता?" म्हटलं, "साहेब, उत्तरेचा बाण वर करून धरा, मग सांगते." त्यांनी कागद फिरवला. मी बोअरवर बोट ठेवलं, रस्त्याची दोन्ही मापं सांगितली, आणि न्यायाधीशांनी ती लिहून घेतली.

या प्रकरणानं मला शिकवलं ते एवढंच. ठाण्यात आलेला माणूस कलमांत बोलत नाही, तो आपल्या कामाच्या मापात बोलतो. ते माप आपल्याला येत नसेल तर शिकून घ्यावं. वय आड येत नाही. मी पन्नाशीनंतर शिकले.

आता दर्यापूरला लेकीकडं जाताना बस त्याच वावरावरून जाते. मी मुद्दाम त्या बाजूच्या खिडकीशी बसते. शेजारी कोणी अनोळखी बाई असली तरी तिला कोपरानं हलवून दाखवते, "ते वावर दिसून राहिलं ना, बोअरवालं? ते माह्या हातचं काम आहे."