‘काय दिसतंय’वाले मामा

मामा फोन उचलून ‘हॅलो’ कधी म्हणाले नाहीत. पलीकडचा माणूस ‘लई सिरियस हाय, गाडी पाठवा’ म्हणून ओरडत असायचा आणि मामा संथपणे विचारायचे, “काय दिसतंय?” माणूस चिडायचा. “दिसायचं काय त्यात? मरायलाय त्यो!” “मरायलाय का न्हाय ते डॉक्टर बघतील. तुमच्या डोळ्याला काय दिसायलंय तेवढं सांगा.” यावरून अख्ख्या पंचक्रोशीत त्यांचं नाव ‘काय दिसतंय मामा’ पडलं होतं. लग्नाच्या पंगतीत वाढपीसुद्धा त्यांच्या पत्रावळीपाशी वाकून तोच प्रश्न विचारायचे. मामा हसून भात मागायचे.

आमच्या बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून एक रुग्णवाहिका घेतली होती. सरकारी गाडी कुठं गुंतली की लोक आमचा नंबर फिरवत. अडत दुकानाच्या मागं एक खोली, त्यात टेबल, दोन फोन आणि एक खुर्ची. सकाळी मामा बसायचे, दुपारनंतर मी. गाडी एकच, त्यामुळे दोन फोन एकदम आले की आधी कुणाकडे पाठवायची हे खुर्चीतल्या माणसानं ठरवायचं. खरं काम तेवढंच होतं. नुसता फोन काय, कुणीही उचलेल.

आमच्याकडं सगळंच सिरियस असतं. ताप सिरियस, जावयाच्या पोटातली कळ तर त्याहून सिरियस. मामांनी तो शब्दच बाद केला होता. स्वतःचं नाव सांगतोय का, छाती हलतीय का, दोन्ही हात उचलता येतेत का, पोटुशी बाई असली तर पहिली खेप का दुसरी, असं ते विचारत जायचे. एकदा एका पुढाऱ्याच्या कार्यकर्त्याचा फोन आला. साहेबांच्या पोटात दुखायलंय, गाडी आत्ताच्या आत्ता पाहिजे. मागं साहेब कुणाच्या तरी सात पिढ्यांचा उद्धार करत होते. मामा म्हणाले, “एका दमात एवढ्या शिव्या देतेत म्हणल्यावर दम चांगला हाय. जीपमधी घालून आणा.” त्या वेळी गाडी सोनारीला दुसऱ्या खेपेच्या बाईकडं गेली आणि बाळ वाटेत गाडीतच झालं. साहेब मात्र पुढं कितीतरी दिवस मामांवर डूख धरून होते.

सुरुवातीला ही गाडी म्हणजे वर्गणीदारांना घरचीच वाटायची. कुणाच्या मेव्हण्याला सोडायचं, कुणाच्या आत्याला आणायचं. मामांनी ते मोडून काढलं. “इथं सोयरे-धायरे न्हायत,” असं तोंडावर सांगायचे. स्वतःच्या नातेवाइकांशी तर जास्तच कडक. चुलत्याचा फोन आला तर प्रश्न दुप्पट. मला शिकवायचे, “आपल्या माणसाचं दुखणं आपल्याला मोठं दिसतं, पोरी. थोडं कापूनच धरावं.” मला ते फार थोर वाटायचं. सगळ्या बाजारपेठेलाच वाटायचं.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमच्याकडं गाव ओस पडतं. सगळे शेतात, भज्जी-आंबिलीच्या पंगतीला. मीही आमच्या शेतात होते आणि मामा एकटे खोलीत. जेवणाच्या वेळेला लागोपाठ दोन फोन आले. पहिला एका शेतातून, झाडाला बांधलेल्या झोक्यावरून पडून एकाचा पाय मोडला होता. गडी बोंबलत होता, पण चांगला शुद्धीत होता. दुसरा फोन ईट गावाहून, मामांच्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या, अक्कांच्या सुनेचा. “मामा, आत्याबाईंचं तोंड वाकडं झालंय. उजवा हात उचलंना. काय बोलतेत ते कळंना.”

मामांनी विचारायच्या आधीच सुनेनं दिसतंय ते सगळं सांगितलं होतं. दुसऱ्या कुणाच्या सुनेनं हे सांगितलं असतं तर मामांनी मोडक्या पायाला थांबवून गाडी ईटला पिटाळली असती. त्या दिवशी त्यांनी कापून धरलं. अक्का आपली आहे म्हणून आपल्याला घाई सुटलीय, असं त्यांनी स्वतःला बजावलं आणि गाडी आधी झोक्याकडं धाडली. सुनेला म्हणाले, “गाडी येतीय.” मामांचा शब्द म्हणून घरचे दुसरं वाहन न बघता वाट पाहत बसले. गाडी पोचायला फार उशीर झाला. अक्का वाचल्या, पण उजवी बाजू गेली, वाचा गेली.

मामा यावर अवाक्षर बोलले नाहीत. ड्रायव्हर मात्र चहाच्या टपरीवर सांगत सुटला, “सख्खी बहीण असून रांग मोडली न्हाय मामानं!” गोष्ट पसरली आणि व्यापाऱ्यांनी सत्कार ठरवला. मामा नको नको म्हणत राहिले. आम्हाला तो विनय वाटला. त्यावर कडी म्हणजे, मामांना न विचारता कमिटीनं अक्कांनाही खुर्चीत बसवून सभागृहात आणलं. साडी-चोळी देऊन त्यांचाही मान करायचा होता. अक्कांना तोवर एवढंच माहीत होतं की गाडी कुठंतरी गुंतली होती.

अध्यक्षांनी माईक धरला. “एकीकडं परका माणूस, एकीकडं सख्खी बहीण. आणि मामांनी गाडी परक्याकडं धाडली!” टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यात मीही होते. आज ते आठवलं की लाजेनं मान वर होत नाही. अक्कांनी हळूहळू मान वळवून भावाकडं पाहिलं, मग डाव्या हातानं पदर तोंडावर ओढून घेतला. टाळ्या तरीही चालूच होत्या.

मामांनी खांद्यावरची शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि माईक हातात घेतला. “अक्का परकी असती तर गाडी आधी तिच्याकडंच गेली असती. मला सगळं कळलं होतं. ती माझी हाय म्हणून म्या तिला मागं ठेवलं. तुमी मला चांगलं म्हणावं म्हणून ठेवलं. लाज वाटायलीय मला, आनि तुमी टाळ्या वाजवायलाव.”  सूत्रसंचालकानं घाईघाईनं आभार मानले आणि पेढे वाटायला सुरुवात झाली. आम्ही ते खाल्लेही.

दुसऱ्या दिवशी मामांनी खोलीची किल्ली ड्रायव्हरच्या हाती पाठवून दिली. आता सकाळपासून मीच बसते. माहेरचा फोन आला की माझं मन आधी वाढवून मोजतं, मग भिऊन कमी करून मोजतं. दोन्ही बाजूला सारून जेवढ्याला तेवढं धरायचं, हे मामांना न जमलेलं काम मी त्यांच्यामुळेच रोज करून बघते.

मामा दर आठवड्याला ईटला जातात. अक्का आता तुटक तुटक बोलतात. सुनेशी बोलतात, नातवंडांशी बोलतात, दारावर आलेल्या भाजीवालीशीही बोलतात. मामांशी एक शब्द नाही. ते ओट्यावर बसतात, सुनेनं दिलेला चहा पितात आणि परत येतात. परवा एसटी स्टँडवर भेटले तेव्हा न राहवून मी विचारलं, “मामा, त्या बोलतच नाहीत, तर कशाला जाता?”

एसटी लागत होती तशी त्यांनी पिशवी उचलली. मग म्हणाले, “ये म्हणत न्हाय ती. पन म्या दिसल्यावर दार बी लावून घेत न्हाय.”