काळी शाई त्या चेहऱ्यावर येईना

आधीच सांगते, माझा डिप्लोमा इन्स्ट्रुमेंटेशनचा आहे. मशीन अडलं तर मी लिंबू-मिरची बांधत नाही, मॅन्युअल उघडते. या ग्रुपवरचे गूढ अनुभव वाचतानाही माझं डोकं 'याचं दुसरं काय कारण असेल?' हेच शोधत असतं. त्यामुळे स्वतःच इथे लिहायला बसताना जरा अवघडल्यासारखं होतंय... पण तुमच्यात कुणी प्रिंटिंगमधलं असेल तर निदान चार डोकी लागतील.

पनवेलला माझा फ्लेक्स प्रिंटिंगचा व्यवसाय आहे. आधी खांदा कॉलनीत दुकान होतं. जागा पुरेना म्हणून गेल्या वर्षी सुकापूरला गाळा घेतला आणि मशीन तिकडे हलवलं. हे मशीन म्हणजे टेबलावरचा प्रिंटर नव्हे, चांगलं पलंगाहून लांब धूड. टेम्पोतून उतरवताना ते एका बाजूला कलंडलं. शाईच्या टाकीपासून शाई फवारणाऱ्या हेडपर्यंत पारदर्शक नळ्या असतात. हलवाहलवीत त्यांच्यात हवा शिरली की शाई पुढे सरकत नाही.

झालंही तसंच. बाकीचे रंग आले, काळा येईना. आमचे मेकॅनिक इरफानभाई आले. त्यांनी मशीनची पातळी नीट केली, सिरिंजने नळीतली हवा ओढून काढली, हेडच्या वरचा छोटा फिल्टर बदलला. टेस्ट प्रिंट काढली — काळ्याच्या सगळ्या रेघा अखंड. पाठोपाठ एका क्लासची जाहिरात आणि एका ढाब्याचं मेनूकार्ड छापलं. काळा असा गडद, की हात लावावासा वाटावा. इथपर्यंत सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे.

त्या दिवशीचं पुढचं काम आपटा गावच्या नरेशदादांचं होतं. त्यांचे वडील, सगळे त्यांना आबा म्हणायचे, नदीवर गेले ते परतलेच नाहीत. गेली काही वर्षं त्यांना विसरायला व्हायचं. काठावर चपला सापडल्या. पुढे पाताळगंगेत बरंच खाली एक देह मिळाला. ओळखण्यासारखं फार उरलं नव्हतं, पण अंगकाठी तीच, हातात तसंच कडं... घरच्यांनी आबाच म्हणून अग्नी दिला. दहाव्यासाठी श्रद्धांजलीचा बॅनर हवा होता.

प्रिंट सुरू केली. वरचं 'भावपूर्ण श्रद्धांजली' काळंभोर आलं. फोटो सुरू झाला आणि काळा गेला. केस गुलाबीसर, डोळ्यांच्या जागी फिक्कट डाग. फोटो संपला, खाली नाव सुरू झालं, आणि काळा परत हजर!

"फाइल खराब है मॅडम," इरफानभाई म्हणाले.

मलाही तसंच वाटलं. फोटो नव्याने सेव्ह केला, पुन्हा लावला. तेच. मग मी बॅनर उलटा फिरवला, म्हणजे फोटो आधी छापला जाईल आणि मथळा शेवटी. फोटोत काळा नाही, मथळ्यात आहे. मग त्याच जागी, त्याच मापात दुसऱ्या कुणाचा तरी फोटो टाकला. एकदम स्वच्छ प्रिंट! पुन्हा आबा... पुन्हा फिक्का चेहरा.

खरं सांगते, तोपर्यंत मला भीती वगैरे नव्हती, मजाच वाटत होती. असा फॉल्ट मी कधी पाहिला नव्हता. मी खाली बसून नळीकडे बघत राहिले आणि इरफानभाईंना फोटो परत सुरू करायला सांगितलं. शाई हेडपर्यंत भरलेली होती. चेहरा सुरू झाला आणि ती माझ्या डोळ्यांदेखत मागे सरकायला लागली. थांबली नाही, मागे गेली — कुणी हळूच परत ओढून घ्यावी तशी, टाकीच्या दिशेने.

इरफानभाईही शेजारी वाकले. "या अल्लाह," एवढंच म्हणाले. मग लगेच, "पंप का प्रॉब्लेम होगा." पण पंप तर त्या वेळी चालूच नव्हता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

दुपारी नरेशदादा बॅनर न्यायला आले. मी त्यांना म्हटलं, "सॉरी दादा, मशीन नुकतंच हलवलंय, त्रास देतंय. मी दुसरीकडून छापून देते."

जमिनीवर पडलेल्या प्रिंट्स त्यांनी पाहिल्या. एक उचलून बराच वेळ बघत राहिले.

"ताई, ह्यो आमचा बाबा वाटतच नाय," ते म्हणाले. "तवा अग्नी देताना पन मला असाच वाटला व्हता. कोनाला बोललो नाय."

मी त्यांना पाणी दिलं. ते पीत होते तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बायकोचा होता. पलीकडून त्या इतक्या जोरात बोलत होत्या, की शब्द नाही तरी रडणं मला ऐकू येत होतं. नरेशदादा "काय? कुठं? नीट बोल" करत उभे राहिले, परत बसले.

पालीजवळच्या एका देवळात काही दिवसांपासून एक म्हातारा राहत होता. कुठून आला ते सांगता येत नव्हतं. त्या दिवशी सकाळी जेवताना त्याने अचानक मुलाचं नाव घेतलं, गाव सांगितलं. पुजाऱ्याने चौकशी करून नरेशदादांच्या घरी फोन लावला होता आणि म्हाताऱ्याला बोलायला दिलं होतं.

"बाबा जिवंत हाय," नरेशदादा म्हणाले. हसत होते की रडत होते, कळत नव्हतं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मंग आमी जालला कोनाला?"

ते गेल्यावर इरफानभाईंनी एकही स्क्रू न हलवता तोच फोटो पुन्हा लावला. मी नको म्हणणार होते, पण मलाही बघायचंच होतं. काळा आला. केस, भुवया, मिशी... सगळं.

काही दिवसांनी नरेशदादा आबांना घेऊनच गाळ्यावर आले. बारीकसा माणूस, खुर्चीच्या कडेला बसलेला. घरातून निघाल्यापासून पालीपर्यंतचं त्यांना काहीच आठवत नाही. पोलिसांनी सगळ्यांची पुन्हा चौकशी केली; तो देह कोणाचा होता, त्याचा पत्ता अजून लागलेला नाही.

आबांना बॅनर हवा होता. त्या माणसासाठी.

"बाबा, लोक हसतील," नरेशदादा म्हणाले.

"हसूं दे. माझ्या नावानं जालला तो. त्याचा दहावा कोन करनार? त्याच्या घरची तर वाट बघत असतील." मग माझ्याकडे वळून विचारलं, "पोरी, फोटू नाय, नाव नाय. चालंल ना?"

चालेल म्हटलं. मोकळ्या चौकटीत फक्त एक समई ठेवली आणि खाली लिहिलं, 'आपल्याच कुणा माणसास'. पहिल्याच फेरीत नीट छापून निघालं. आबा मशीनच्या बाजूला उभे राहून पूर्ण होईपर्यंत बघत होते.

इरफानभाई आजही म्हणतात, नळीत हवेचा बुडबुडा अडकला असणार. मीही दुसऱ्या कुणाला तेच सांगितलं असतं. पण बुडबुडा नळीत अडकतो, चेहरा बघून मागे जात नाही. पंप, फिल्टर, फाइल, वीज, उतार — सगळं तपासून झालंय. मशीन तेव्हापासून त्याच जागी आहे आणि एकदाही अडलेलं नाही. कुणाला काही कारण सुचत असेल तर नक्की सांगा, मी करून बघेन.

आणि आपट्याच्या बाजूला नदीवर गेलेला, हातात कडं असलेला कुणी म्हातारा माणूस तुमच्या ओळखीत बेपत्ता असेल, तर तेही सांगा. आबा अजून विचारत असतात.