मागचं डावं दार

जुनी गाडी बाळगली की किस्से आपोआप साठतात. आमच्या स्टाफरूममध्ये कुणी नुसतं 'गाडी' म्हटलं तरी सगळे खुर्च्या पुढे ओढून बसतात. हसणाऱ्यांचं काय जातंय! मला मात्र हसू येत नाही. कारण गाडी माझी आणि चालवणाराही मीच.

लातूरहून शिरूर अनंतपाळच्या शाळेला आम्ही तिघं रोज जातो. मी, विज्ञानाच्या कांबळे मॅडम आणि रिटायरमेंटला आलेले गणिताचे बिराजदार सर. पुढच्या सीटवर मॅडमच्या तपासायच्या वह्यांचा गठ्ठा, मागे मॅडम आणि सर. सर डाव्या दाराला रेलून बसणार आणि गाव सुटायच्या आत झोपणार. नेमकं त्याच दाराचं लॉक अर्ध्यात अडकायचं आणि दार नीट लागायचं नाही. पहिल्याच दिवशी काकूंनी, म्हणजे सरांच्या मंडळींनी, मला बजावलं होतं, "सर, ह्यान्ला नीट आणत जावा बरं." तेव्हापासून सर झोपायचे आणि माझी झोप उडायची.

*

निघताना मी रोज विचारायचो, "लागलं का?" सर म्हणायचे, "लागलं." मग मी गियर टाकायचो.

एकदा बसताना सरांचं डोकं वरच्या पत्र्यावर आपटलं. मला काही दिसलं नाही. सवयीनं विचारलं, "लागलं का?"

सर कळवळून म्हणाले, "लई लागलं हो!"

मी खूश! म्हटलं आज दार पक्कं लागलेलं दिसतंय. सोडली गाडी. पहिल्याच वळणावर दार सताड उघडलं! मॅडमनी कॉलर धरली म्हणून सर गाडीत राहिले. मी करकचून ब्रेक मारला. सर एका हातानं डोकं चोळत होते आणि दुसऱ्या हातानं सीट धरून बसले होते.

मॅडम म्हणाल्या, "सर, लॉक बदलायचं तेव्हा बदला. आधी शब्द बदला!"

*

शब्द बदलला. मी विचारायचं "बंद?" आणि सरांनी म्हणायचं "बंद!" दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी भर चौकात मागून खडखड आवाज आला. मी दचकलो. मला धीर द्यायला सर ओरडले, "बंद! बंद!"

मी गाडीच बंद केली.

मागे उसाचा ट्रॅक्टर, त्याच्यामागे ही एवढी रांग. आणि मला काही केल्या किल्ली फिरवायचं सुचेना. ट्रॅक्टरवाला उतरून आला, खिडकीतून आत डोकावला आणि अगदी अदबीनं म्हणाला, "गुर्जी, शाळा हितंच भरवताव का?"

*

मग सरांनी स्वतःच उपाय काढला. पंच्याचं एक टोक दाराच्या हँडलला बांधलं, दुसरं स्वतःच्या मनगटाला.

मी म्हटलं, "सर, दार उघडलं तर त्याच्यासंगं तुम्हीही जाल की!"

"म्हंजे मी गेलेलं तुमाला कळंल तरी!"

हे ऐकून मी गाडी आणखी हळू घेतली. त्यात नाक्यावर पोलिसानं गाडी अडवली. दाराला बांधलेले सर त्यानं खालीवर न्याहाळले. मग माझ्याकडे संशयानं बघत सरांना विचारलं, "काका, राजीखुशीनं चाललाव न्हवं?"

सर म्हणाले, "शाळंला राजीखुशीनं कोण जातंय, साहेब!"

*

हा किस्सा मात्र सरांच्या घरापर्यंत गेला. काकूंचा फोन आला. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून ह्ये एस्टीनं येतेल. तुमी मनाला लावून घिऊ नका."

कसं नाही लावून घेणार? आठवडाभर माझी गाडी त्यांच्या एसटीच्या मागे असायची. मागच्या काचेतून सर दिसायचे, दांडा धरून उभे. गुडघे दुखतात म्हणून वर्गात ते खुर्चीवर बसून शिकवतात. मला फार लाज वाटली. ह्या माणसाची शेवटची चार महिन्यांची नोकरी मी उभ्यानं करायला लावली होती.

*

रविवारी आमच्या मेकॅनिकचं, म्हणजे उस्तादांचं, गॅरेज गाठलं. सरांनाही बोलावून घेतलं, म्हटलं तुमच्या डोळ्यांनी बघा. उस्तादांनी दार उघडं ठेवूनच लॉकच्या खाचेत स्क्रू-ड्रायव्हर दाबला. खट्! आणि लॉक तिथंच अडकलं.

"दोनदा वाजलं तर दार लागतंय, सर. तुमी एका खटक्यावरच चाललाव इतके दिवस!"

त्यांनी लॉक खोलून दाखवलं. आत जुन्या ग्रीसचा काळा गोंद झाला होता. उस्तादांनी तो रॉकेलनं धुतला, ब्रशनं घासला, नवं ग्रीस भरलं. आता वाजलं, खट्-खट्! मी ते वीस वेळा वाजवून घेतलं.

"वळणावर सुटणार नाही ना? खड्ड्यात? सर झोपले तर? टेकून झोपले तर?"

उस्तादांनी हात पुसले. मागच्या घरात गेले आणि आपल्या म्हाताऱ्या अम्मांना हाताला धरून घेऊन आले. त्यांना त्याच दाराशी बसवलं, दार लावलं आणि मला म्हणाले, "जावा. एक चक्कर मारून आणा."

मला नाही म्हणता येईना. सर गॅरेजमध्येच थांबले. मी अम्मांना घेऊन निघालो. वळण आलं की मागे बघायचो. स्पीडब्रेकर आला की मागे बघायचो. काही आलं नाही तरी मागे बघायचो. दार जागच्या जागी होतं. अम्मा मात्र पुढची सीट दोन्ही हातांनी गच्च धरून बसल्या होत्या.

परत आलो. अम्मा स्वतः दार उघडून उतरल्या.

"क्या अम्मा, दरवाजा कैसा है?" उस्तादांनी विचारलं.

"दरवाजेकू क्या हुआ? अच्छाच है. इनकू बोल, सामने देखके चलाना बोलके!"

सर पुढे आले. दार उघडून आत बसले, स्वतःच्या हातानं लावलं, आणि पाठ टेकून म्हणाले, "चला. म्होरं बघून."