आईच्या गोधडीचे टाके

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही. आता सांगतोय ते धीर आला म्हणून नाही — लपवून लपवून थकलो, म्हणून.

लोक म्हणतात, तुम्ही आईचं किती केलंत. मी मान हलवतो. दुसरं काय करणार?

बेलापूरच्या एका ऑफिसातून मी मुदतीआधीच रिटायर झालो, कारण आईला एकटं ठेवता येईना. आम्ही मूळचे फलटणकडचे. वडील गेल्यावर तिला नेरूळच्या फ्लॅटवर आणलं, तेव्हा ती चांगली खडखडीत होती. मग विसरायला लागली. आधी गॅस बंद करायचं, मग माणसांची नावं. एकदा मी अंघोळीला गेलो तेवढ्यात दार उघडून निघून गेली. दोन तासांनी शिरवण्याच्या बाजारात सापडली. एका मासळीवालीनं तिला आपल्याशेजारी बसवून चहा पाजला होता. मला म्हणाली, "तिला घरी जायचा हाय, पन घर कुठं ता सांगता येत नाय. लक्ष ठेवा, दादा."

त्या दिवसापासून दाराला आतून कुलूप. आई दिवसभर कडी खडखडवायची. घरी जायचंय, घरी जायचंय. माझी बायको अलका शाळेत शिकवते, ती संध्याकाळी यायची. तोवर घरात मी, आई आणि ती कडी.

दिवाळी झाली आणि आईनं स्वतःच कपाटातली जुनी लुगडी ओढून काढली. आमच्या मुलीला, जुईला, तिकडे बंगळूरला आठवा महिना लागला होता. बाकी सगळं विसरलेल्या आईला एवढं मात्र पक्कं आठवत होतं. थंडी पडायच्या आत पोराला गोधडी झाली पाहिजे, म्हणाली. इथे थंडी ती काय — पंखा दोनवर आणायचा, पहाटे खाडीकडून गार वारा येतो, एवढंच. पण तिच्या डोक्यात गावाकडची थंडी होती.

मी सुई ओवून दिली. ती गॅलरीतल्या उन्हात पाय पसरून बसली आणि धावदोरा घालायला लागली. हात काहीच विसरला नव्हता. बारीक, एकसारखे टाके, कडेकडेनं सुरू करून आत आत येणारे. कडी वाजायची थांबली. घरात आल्याच्या चहाचा वास आणि दातानं दोरा तोडल्याचा बारीकसा आवाज. कित्येक महिन्यांनी मी पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचला. अलका म्हणाली, घर घरासारखं वाटायला लागलंय.

मग गोधडी संपत आली. मधला हातभर चौकोन तेवढा राहिला, आणि आई म्हणाली, एवढं झालं की मी निघते गावाला.

पुन्हा ती कडी?

तुम्ही म्हणाल, दुसरी गोधडी शिवायला द्यायची. मी लुगडी पुढे केली होती. तिला नको होती. ही पोराची, ही झाली की बस. त्या दुपारी ती जेवून आडवी झाली, आणि मी — कसं सांगू — शिवणाची छोटी कात्री घेतली आणि तिच्या दोन ओळी उसवल्या.

पहिल्या दिवशी दर टाक्याला मी तिच्या खोलीकडे बघत होतो. आठवड्याभरात सवय झाली. दर तिसरा टाका कापायचा, दोरा हळूच ओढून घ्यायचा, भोकांवरून नख फिरवायचं म्हणजे दिसत नाहीत. ती सकाळी शिवायची, मी दुपारी उसवायचो. महिनाभर. तिच्यासाठीच चाललंय, बाहेर पडली तर हरवेल — असं मी स्वतःला सांगायचो. खरं सांगू? मला शांत बसून पेपर वाचायचा होता. मला झोप हवी होती.

पण उसवणं हा त्यातला लहान भाग.

एका सकाळी ती गोधडीवर बोट ठेवून थांबली. "दत्तू, काल मी हितपर्यंत आले हुते न्हवं?"

मी पेपरातून मान वर न करता म्हणालो, "नाही गं आई. तुला तसं वाटतंय."

नावं गेली होती, रस्ते गेले होते. आपल्या हातांवर मात्र तिचा भरवसा होता. तो मी काढून घेतला. पुढे ती रोज विचारायची आणि मी रोज तेच उत्तर द्यायचो. मग तिनं विचारणं सोडलं. शेजारच्या बाईंना सांगताना मी ऐकलं, माझ्या हातून आता काही होत नाही. टाके मोठे पडायला लागले. वाकडे. एका ओळीवर अख्खी सकाळ जायची.

आणि एका दुपारी ती लवकर उठली. मी गॅलरीत खाली बसलेलो, मांडीवर गोधडी, हातात कात्री. पळायला कुठे जागा होती? ती जवळ आली, वाकून बघितलं. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर —

ती माझ्यासमोर बसली. गोधडीचं दुसरं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि ताणलं, मला कापायला सोपं जावं म्हणून.

"वाकडं झालंय न्हवं माझं?" ती म्हणाली. "उसव बाबा. सगळं उसव."

मी काय केलं असेल? मी उसवलं. तिनं धरून ठेवलं आणि मी ती ओळ शेवटपर्यंत उसवली. तेव्हाही मी तिला सांगू शकलो असतो की टाके चांगले होते, आई. सुरुवातीचे तर फारच चांगले होते.

त्यानंतर तिनं सुई हातात घेतली नाही. कडीकडेही गेली नाही. खुर्चीत बसून राहायची. मला हवी होती ती शांतता मिळाली.

पौषात जुई बाळाला घेऊन आली. आईनं बाळाच्या पायांवरून हात फिरवला आणि जुईला म्हणाली, "माझ्याच्यानं काय झालं न्हाई गं. मला माफ कर." जुई रडली, आजीला जवळ घेतलं. मी दारातच उभा होतो. मी चहा टाकायला आत गेलो.

आई श्रावणात गेली. मधे सात महिने होते. रोज सकाळी मी तिची वेणी घालत होतो, तिला भरवत होतो, तिच्याशी बोलत होतो. हे सोडून सगळं बोललो.